एडिट मॅक्रो कालपर्यंत चालत होता, आज का नाही? आयएसपीएफ आणि एक्सएडिटसाठी तपासणीचा क्रम

एडिट मॅक्रो, म्हणजे एडिटरच्या कमांड एकत्र करून लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, बिघडल्याची तक्रार आली की त्याचा कोड मी सगळ्यात शेवटी उघडतो. कोड बहुतेक वेळा वर्षानुवर्षं तोच असतो. बदललेलं असतं ते भोवतालचं: प्रोफाइल, लायब्ररींचा क्रम, इम्युलेटरचं (पीसीवर मेनफ्रेमचा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं) सेटिंग, नाहीतर माणूसच एका सिस्टमवरून दुसरीवर आलेला असतो. त्यामुळे खालच्या क्रमात आधी फुकटच्या तपासण्या आहेत, ज्यांना कोणाची परवानगी लागत नाही. कोडमध्ये डोकं घालायची वेळ आलीच तर ती नंतर.

लिहितोय दोन एडिटरबद्दल. आयबीएम मेनफ्रेमच्या झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टमवरचा आयएसपीएफ एडिटर आणि झेड/व्हीएम या दुसऱ्या सिस्टमच्या सीएमएसमधला एक्सएडिट. दोघांचे मॅक्रो आज रेक्स या भाषेत लिहितात, म्हणून वाचताना सारखेच वाटतात आणि तिथेच फसगत होते. माइक काउलिशॉ यांची रेक्स आधी व्हीएमवर आली, १९८३ साली. टीएसओवर, म्हणजे झेड/ओएसच्या बाजूच्या कमांड वातावरणात, पोचायला १९८८ उजाडलं. तोवर आयएसपीएफवाले सीलिस्ट या जुन्या कमांड भाषेवर भागवत होते, आणि त्या काळाच्या काही खुणा अजून त्रास देतात.

कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत. पडद्यावर अर्थातच रोमन कॅपिटलमध्ये टाका.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ठरवा, कारण अर्धं निदान इथेच होतं.

- मॅक्रोचं नाव टाकल्यावर कमांड सापडत नाही असं उत्तर येतं. टीएसओतून चालवून पाहिलं तर आयकेजे५६५००आय हा संदेश दिसतो.
- शेजारच्याच्या आयडीवर चालतो, तुमच्यावर नाही. किंवा एका डेटासेटमध्ये (मेनफ्रेमवरच्या फाइलमध्ये) चालतो, दुसऱ्यात नाही.
- एरर काहीच नाही, पण बदलही झालेला नाही. किंवा काही ओळी बदलल्या, काही तशाच राहिल्या.
- मध्येच एरर पॅनेल येऊन मॅक्रो मरतो.
- आयआरएक्स००१३आय किंवा आयआरएक्स०००६आय असे रेक्सचे संदेश, तेही ज्या ओळीत काहीच चुकीचं दिसत नाही त्या ओळीवर.
- कोड सुधारला तरी जुनीच आवृत्ती चालते.
- जेसीएलमधल्या (जॉब चालवायच्या सूचनांमधल्या) तात्पुरत्या डेटासेटच्या && चा एकच & होतो.
- मॅक्रो चालवलाच नाही, नुसता मेंबर (लायब्ररीतली एक फाइल) उघडला तरी एरर.

काहीही करण्याआधी

मॅक्रोने मेंबरची वाट लावली असेल तर एफ३ दाबू नका. ऑटोसेव्ह ऑन असतो आणि एफ३ मुकाट्याने सेव्ह करून मोकळा होतो. कॅन्सल टाका. पुढच्या प्रयोगाआधी मेंबरची एक प्रत तुमच्या स्वतःच्या लायब्ररीत घ्या आणि रिकव्हरी ऑन करा, म्हणजे अनडू चालेल. मॅक्रोने केलेले सगळे बदल अनडू एका फटक्यात परत फिरवतो, हे आयएसपीएफचं मोठं सुख. एक्सएडिटमध्ये ते नाही: रिकव्हर फक्त खोडलेल्या ओळी परत आणतो, बदललेल्या नाही. तिथे क्यूक्विट करून सेव्ह न करता बाहेर पडणं हाच मार्ग.

मॅक्रो फिरतच राहिला तर अटेन्शन देऊन एचआय टाका. सीएमएसवरही एचआय चालतं. टर्मिनल बंद करून पळू नका, मागे सेशन आणि मेंबरवरचं लॉक दोन्ही लटकतं.

पहिली तपासणी: प्रोफाइल

प्रोफाइल म्हणजे एडिटरने जपून ठेवलेली तुमची सेटिंग्ज. कमांड लाइनवर प्रोफाइल टाका. वरती चार-पाच ओळी उघडतील. त्यात रेकॉर्डचा प्रकार, रिकव्हरी, नंबर, कॅप्स, हेक्स, आयमॅक्रो (मेंबर उघडताच आपोआप धावणारा मॅक्रो) वगैरे सगळं दिसतं. खालच्या बाजूला बीएनडीएसची, म्हणजे बाउंड्सची (कमांडनी कुठल्या कॉलमांत काम करायचं त्या हद्दींची), ओळ असेल तर तिच्यातल्या < आणि > या दोन खुणा कुठे आहेत ते नीट बघा. ‘एरर नाही पण बदलही नाही’ या लक्षणाचं कारण मला सर्वाधिक वेळा या दोन खुणांतच सापडलंय.

होतं काय, की कोणीतरी, बहुधा तुम्हीच, कधीतरी १० ते २० या कॉलमपुरतं काम करायला बाउंड्स लावलेले असतात. काम झालं, मेंबर बंद केला, विसरलात. पण बाउंड्स मेंबरबरोबर जात नाहीत, ते प्रोफाइलमध्ये जपले जातात. आणि प्रोफाइल ठरतं डेटासेटच्या नावातल्या शेवटच्या भागावरून. म्हणजे नाव सीएनटीएलवर संपणाऱ्या तुमच्या प्रत्येक डेटासेटला आता तेच बाउंड्स, आणि नाव कोबोलवर संपणाऱ्याला मात्र वेगळं प्रोफाइल, तिथे सगळं ठीक. मॅक्रोतल्या चेंजला १० ते २०च्या बाहेरचं काही दिसत नाही. त्याला ‘सापडलं नाही’ म्हणून ४ हा रिटर्न कोड (कमांडचा निकाल सांगणारा आकडा) मिळतो, मॅक्रो तो निमूट गिळतो आणि ‘झालं’ म्हणून संपतो. शेजाऱ्याच्या आयडीवर चालतं त्याचंही हेच उत्तर: त्याचं प्रोफाइल त्याचं.

सॉर्टच्या बाबतीत हे जास्त भयंकर आहे. बाउंड्स लावलेले असताना सॉर्ट पूर्ण ओळ हलवत नाही, फक्त बाउंड्समधला तुकडा इकडचा तिकडे करतो. एका ग्राहकाचा खाते क्रमांक दुसऱ्याच्या नावासमोर जाऊन बसतो आणि ओळींची संख्या तीच राहते, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

उपाय एका शब्दाचा: नुसतं बाउंड्स टाका, ते मूळपदावर येतात. मॅक्रो तुमच्या हातातला असेल तर कायमचा उपाय करा. चेंज आणि फाइंडमध्ये कॉलम स्पष्ट लिहा. दिलेले कॉलम बाउंड्सना मागे सारतात. किंवा मॅक्रोच्या सुरुवातीला यूजर_स्टेट एका व्हेरिएबलमध्ये घ्या, मग बाउंड्स, कॅप्स, नंबर जे हवं ते लावा आणि शेवटी यूजर_स्टेट परत ठेवा. दुसऱ्याचं प्रोफाइल बिघडवून जाणारा मॅक्रो लिहिणाऱ्याला मी तरी माफ करत नाही.

एक्सएडिटमध्ये हेच झोन नावाने भेटतं. क्वेरी झोन टाकून बघा. फरक मात्र मोठा आहे. एक्सएडिट असं चोरून काही जपत नाही. प्रत्येक वेळी फाइल उघडली की फाइलटाइपप्रमाणे (सीएमएसमधल्या फाइलच्या नावाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे) ठरलेली सेटिंग्ज लागतात आणि मग तुमचा प्रोफाइल एक्सएडिट हा मॅक्रो धावतो. जे काही वेडंवाकडं असेल ते त्या एका फाइलमध्ये लिहिलेलं सापडतं. माझ्या मते एक्सएडिटचा हा मार्ग जास्त सरळ आहे. यूजर_स्टेटच्या जागी तिथे प्रिझर्व्ह आणि रिस्टोअर आहेत.

प्रोफाइल बघताय तोवर आणखी दोन गोष्टी. कॅप्स: आयएसपीएफचा फाइंड लहान-मोठी अक्षरं सारखी मानतो, जोवर तुम्ही सी लावून अवतरणात नेमकी अक्षरं मागत नाही तोवर. एक्सएडिटचा लोकेट उलटा, तो मुळात अक्षरांचा आकार पाळतो. आयएसपीएफवरून उचलून आणलेला मॅक्रो तिथे ‘काही सापडत नाही’ म्हणतो त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच. सेट केस मिक्स्ड इग्नोअर करून पुन्हा चालवा. आणि आयमॅक्रो: शेवटचं लक्षण, म्हणजे मेंबर उघडताच एरर, याच्यामुळे. प्रोफाइलमध्ये अशा मॅक्रोचं नाव अडकलंय जो आता नाही. आयमॅक्रो नन टाका, विषय संपला. नाव खरंच हवं असेल आणि तरी एरर येत असेल तर त्या मॅक्रोत अप, डाउन, लेफ्ट, राइट किंवा लोकेट आहे का बघा. सुरुवातीच्या मॅक्रोच्या वेळी पडद्यावर अजून काही आलेलंच नसतं, म्हणून या कमांड तिथे चालत नाहीत.

दुसरी: पहिल्या दोन ओळी

मेंबर उघडा आणि फक्त वरच्या दोन ओळी वाचा. पहिली ओळ /* रेक्स */ अशी कॉमेंट असायला हवी. मॅक्रो शोधायच्या लायब्ररी सिसएक्झेक आणि सिसप्रॉक या दोन नावांखाली जोडलेल्या असतात. सिसएक्झेकमध्ये ठेवलेलं सगळं रेक्सच समजलं जातं, पण सिसप्रॉकमध्ये तसं नाही. तिथे पहिल्या ओळीत रेक्स हा शब्द नसेल तर टीएसओ ते सीलिस्ट म्हणून वाचतं आणि मग अगम्य एरर येतात. मॅक्रो एका लायब्ररीतून दुसरीत हलवल्यावर बिघडला असेल तर आधी हे बघा. सीएमएसवर नुसती कॉमेंट पुरते, शब्द लागत नाही. कॉमेंटच नसेल तर ते जुन्या एक्झेक भाषांपैकी काहीतरी समजलं जातं.

दुसरी गोष्ट, एडिटरला जाणारी पहिली कमांड मॅक्रो हीच हवी. ती नसेल तर एडिटर त्याला एडिट मॅक्रो मानत नाही. एक्सएडिटला असं काही लागत नाही. फाइलटाइप एक्सएडिट असली की झालं.

इथेच एक छुपा प्रकार: ७३ ते ८० कॉलममधले क्रमांक. ८० अक्षरांच्या मेंबरमध्ये टीएसओ पहिल्या ओळीचे शेवटचे आठ कॉलम बघून ठरवतं की क्रमांक आहेत की नाहीत, आणि तो निकाल सगळ्या मेंबरला लावतं. पहिल्या ओळीवर क्रमांक नाही आणि खालच्यांवर आहेत असं झालं (वरती नवी कॉमेंट घातली की होतंच) तर ते आकडे कोड म्हणून वाचले जातात. नंबर ऑन आणि मग अननंबर करून टाका, मेंबर स्वच्छ होतो.

तिसरी: चालतोय तो मॅक्रो नक्की कुठला?

डीडीलिस्ट टाका, त्यात मेंबर आणि मॅक्रोचं नाव. तुमच्या सेशनला जोडलेल्या कुठल्या लायब्ररीत त्या नावाचे मेंबर आहेत ते सगळे समोर येतात. दोन सापडले तर वरचा चालतो, आणि सिसएक्झेक सहसा सिसप्रॉकच्या आधी शोधलं जातं. टीममधल्या कोणीतरी ‘थोडी सुधारून’ ठेवलेली प्रत इथे पकडली जाते.

तुम्ही ऑल्टलिब कमांडने लायब्ररी जोडत असाल तर ती कुठे जोडली ते महत्त्वाचं. एखाद्या आयएसपीएफ ॲप्लिकेशनच्या आत जोडलेली लायब्ररी ते ॲप्लिकेशन चालू आहे तोवरच लागू असते. बाहेर आलात की आधीची व्यवस्था परत येते. ‘सकाळी चालला, जेवून आलो तर नाही’ यामागे बरेचदा हे असतं.

सुधारूनही जुनं चालतंय? सामायिक लायब्ररी असेल तर प्रत व्हीएलएफच्या (सिस्टमच्या जलद साठवणीच्या सोयीच्या) स्मृतीत धरून ठेवलेली असू शकते. आणि तुम्ही सेव्ह केल्यामुळे लायब्ररी नव्या एक्स्टेंटमध्ये (डिस्कवरच्या नव्या तुकड्यात) वाढली असेल तर आधीपासून लॉगऑन असलेल्यांना नवा मेंबर वाचताना इनपुट-आउटपुट एरर येतो. लॉगऑफ करून परत या. साधा उपाय आहे, पण काम करतो.

सीएमएसवर लिस्टफाइल घेऊन नावापुढे एक्सएडिट आणि तारा टाका. ए ते झेड या डिस्कच्या क्रमात जो आधी भेटेल तो चालतो. एक्झेकलोडने स्मृतीत घेतलेली प्रत मात्र या सगळ्यांच्या आधी धावते. एक्झेकमॅपने ती दिसते, एक्झेकड्रॉपने जाते.

चौथी: कमांड कोणाकडे जातेय

आता कोड. दोन एडिटरमधला खरा फरक इथे आहे. एक्सएडिट मॅक्रोमध्ये अवतरणात लिहिलेली कमांड आपोआप एडिटरकडे जाते. सीएमएसला काही सांगायचं तर ॲड्रेस सीएमएस लिहावं लागतं. आयएसपीएफमध्ये मुळात ती टीएसओकडे जाते. एडिटरला सांगायचं तर प्रत्येक कमांडआधी आयएसआरएडिट, किंवा वरती एकदा ॲड्रेस आयएसआरएडिट. एकीकडचा मॅक्रो दुसरीकडे नेताना पहिला फटका इथेच बसतो.

अवतरणं विसरू नका. अवतरणाशिवाय लिहिलेला लोकेट आणि त्यापुढे दोन तिरप्या रेघांत शब्द, याला रेक्स भागाकार समजते. आयएसपीएफमधला तारा तसाच गुणाकार होतो.

एडिटरकडून माहिती मागवायची तर एक्सएडिटमध्ये एक्स्ट्रॅक्ट आहे, एका कमांडीत हव्या तेवढ्या गोष्टी व्हेरिएबलमध्ये भरून देतो. आयएसपीएफमध्ये प्रत्येक गोष्ट वेगळी मागायची, कंसात व्हेरिएबल, मग बरोबरचं चिन्ह. एक्सएडिट या बाबतीत फारच मोकळा आहे, ओळीच्या डाव्या बाजूला टाकायच्या स्वतःच्या प्रीफिक्स कमांडही मॅक्रोने बनवता येतात.

पाचवी: रिटर्न कोड आणि अँपरसँड

मध्येच मरणारा मॅक्रो. आयएसपीएफचा नियम असा की एडिटरकडून १२ किंवा त्याहून मोठा कोड आला की मॅक्रो तिथेच थांबवायचा. आयएसपीएक्झेकला (आयएसपीएफच्या सेवांना) कंट्रोल एरर्स रिटर्न सांगितलं की कोड तुमच्या हातात येतो, मग तो तपासायची जबाबदारीही तुमची. फाइंडचा ४ म्हणजे सापडलं नाही. एक्सएडिटमध्ये तेच २ असतं. तपासणी आणि कमांड यांच्यात दुसरी कुठलीही कमांड घुसवू नका, आरसी (रिटर्न कोड) तिचा होऊन बसतो.

आता अँपरसँड. एडिटरला दिलेली कमांड आयएसपीएफ आधी चाळतं आणि & ने सुरू होणारी नावं व्हेरिएबल समजून भरतं. रेक्समधून पाठवली तरी चाळतं, ही ती सीलिस्टच्या काळातली खूण. त्यात && चा एक & होतो, जेसीएल वरकरणी ठीक दिसतं आणि जॉब रात्री पडतो. स्कॅन ऑफ करा. त्याहून बरं म्हणजे ओळ आधी व्हेरिएबलमध्ये तयार करून कमांडमध्ये त्याचं नाव कंसात द्या, मग मजकूर चाळलाच जात नाही आणि मजकुरातल्या अवतरणांचा घोळही सुटतो.

सहावी: न दिसणारी अक्षरं

‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ म्हणणारा आयआरएक्स००१३आय आला की कोड वाचत बसू नका, हेक्स ऑन करा. प्रत्येक अक्षराखाली त्याची हेक्स किंमत उभी दिसते. नकाराच्या चिन्हाखाली ५ आणि एफ असायला हवं. तिथे बी आणि ० दिसलं तर इम्युलेटरचं कोडपेज (कुठल्या किमतीला कुठलं अक्षर याचा तक्ता) तुम्हाला फसवतंय. ०३७ मध्ये ¬ ची जागा ५एफ आणि ^ ची बी०. १०४७ मध्ये नेमकं उलट. रेक्सला ५एफ कळतं. तुमच्या पडद्यावर ^ दिसतं, माझ्यावर ¬ दिसतं, आणि दोघंही बरोबर असू शकतो किंवा नसूही शकतो.

पुण्या-मुंबईत बसून वेगवेगळ्या देशांतल्या क्लायंटच्या सिस्टमवर काम करणाऱ्यांना हे वरचेवर भेटतं. जर्मन २७३ कोडपेजवर ४एफची, म्हणजे ०३७ मधल्या उभ्या रेघेची, जागा उद्गारचिन्हाला आहे, म्हणून तिकडच्या मॅक्रोत जोडणीसाठी दोन उभ्या रेघांऐवजी !! दिसतात. ते सुधारायला जाऊ नका, ते बरोबरच आहे. तुम्ही जे लिहाल त्यात नकारासाठी उलटी तिरपी रेघ किंवा <> वापरा, दोन्ही ०३७ आणि १०४७ मध्ये एकाच जागी आहेत.

ईमेल किंवा वर्डमधून चिकटवलेल्या कोडमध्ये वळणदार अवतरणं येतात आणि वाटेत त्यांचं भलतंच होतं. फाइंड ऑल आणि पी लावून अवतरणात टिंब दिलं की पडद्यावर न दिसणारी सगळी अक्षरं सापडतात. एक्सएडिटमध्ये व्हेरिफायला हेक्स जोडून तेच बघता येतं.

सातवी: ट्रेस

एवढं करूनही कळलं नाही तर मॅक्रो कमांडच्या खाली ट्रेस आर घाला. *-* च्या पुढे मूळ ओळ, >>> च्या पुढे किमती भरल्यावर प्रत्यक्षात काय पाठवलं गेलं ते, आणि कमांड फसली की +++ आरसी(१२) +++. डोळे >>> वर ठेवा. तिथे रिकामी जागा, एखादं गायब अवतरण किंवा व्हेरिएबलऐवजी त्याचं नावच दिसलं की चोर सापडला.

इथे थांबा आणि सिस्टम प्रोग्रामरला बोलवा

आयसीएच४०८आय किंवा एस९१३ दिसलं तर तो परवानगीचा प्रश्न आहे, मॅक्रोचा नाही. सुरक्षा प्रशासकाकडे विनंती टाका; सहकाऱ्याच्या आयडीने ‘फक्त बघू’ म्हणून करू नका, ती नोंद राहते. सामायिक लायब्ररीत एसई३७ (जागा संपली) आला किंवा डिरेक्टरी भरली तर स्वतः काँप्रेस करू नका, दुसरं कोणी तीच लायब्ररी वाचत असेल तर त्यांचे मेंबर जातात. लॉगऑन प्रोसिजरमधला सिसप्रॉक-सिसएक्झेकचा क्रम, वेगवेगळ्या रेकॉर्ड प्रकारांच्या लायब्ररी एकत्र जोडलेल्या असणं, व्हीएलएफमधली जुनी प्रत, हे सगळं त्यांचंच काम. कंपाइल केलेला मॅक्रो एस८०६ (प्रोग्रॅम सापडला नाही) देत असेल तर लोड लायब्ररी त्यांनी बघायची. एडिटरच ०सी४ने पडत असेल आणि आयमॅक्रो नन करूनही पडत असेल तर पुन्हा पुन्हा चालवून बघू नका.

जाताना त्यांच्यासाठी एवढं घेऊन जा: संदेशाचा पूर्ण क्रमांक, डीडीलिस्टमधली मेंबरची ओळ, प्रोफाइलच्या पडद्याची प्रत, ट्रेसच्या शेवटच्या ओळी, आणि दुसऱ्या आयडीवर चालतो की नाही याचं उत्तर. नुसतं ‘मॅक्रो चालत नाही’ एवढंच लिहिलेलं तिकीट मंगळवारपर्यंत कोणी उघडत नाही.